लाव्हाच्या दोन थरांमधलं तळं

आपल्या मातीतला प्रागैतिहासिक सर्व्हायव्हल गेम करायचं पिंपरी-चिंचवडमधल्या कुणी मनावर घेतलं, तर पाण्याखाली कोण ठेवायचं? 'आर्क' खेळलेल्यांना आठवतील मेगालोडॉन, मोसासॉर, प्लेसिओसॉर. सगळे समुद्रातले. मोशीच्या खाणीत सुरुंगाने फुटतो तो मात्र बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते.

पण उद्रेक अखंड चालू नव्हते. मधल्या शांततेत पाऊस पडायचा, थिजलेल्या लाव्हाच्या खोलगट भागांत तळी साचायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि तळ्याचा गाळ आतल्या जीवांसकट गाडला जायचा. पुण्याच्या बाजूला असे गाळाचे थर क्वचितच दिसतात. त्यासाठी विदर्भात जावं लागतं.

नागपूरजवळच्या टाकळीत १८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी असे जीवाश्म गोळा केले. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉपच्या नावाचं. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना १८६३ मध्ये तो ओढ्याच्या पुरात बुडाला.) या थरांतली सगळ्यात ओळखीची गोगलगाय म्हणजे फायसा प्रिन्सेपी. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचं नाव तिला १८४० मध्ये मिळालं. बहुतेक शंख उजवीकडे वळतात, हिचा डावीकडे. शिवाय फायसाच्या जातकुळीतल्या गोगलगायी श्वासासाठी पाण्याच्या वर येतात. गेममधला ऑक्सिजन बार इथे फक्त खेळाडूलाच कशाला हवा?

शिकारी हवा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव आहे. तिथल्या लाव्हाखालच्या लमेटा थरांतून सापडलेल्या माशाचं वर्णन वुडवर्डने १९०८ मध्ये केलं: गार मासा, लेपिसॉस्टियस. अंगावर चिलखतासारखे कडक खवले. त्याचे आजचे भाऊबंद अमेरिकेत आहेत. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ते वर येऊन हवा गिळतात. डायनासोरही त्याच थरांत सापडतात, त्यामुळे काठावर कोण उभं करायचं हा प्रश्नच उरत नाही.

वनस्पतींत पहिली अझोला. हो, आज शेतकरी गुरांना घालतात तीच तरंगती नेचेवर्गीय वनस्पती. तिची एक जुनी जात बिरबल साहनी आणि राव यांना छिंदवाड्याकडच्या सौसर भागातल्या दगडात मिळाली. तळाशी कॅरा शेवाळ, आणि त्यात ऑस्ट्रॅकॉड, डाळीच्या दाण्याहूनही लहान दोन शिंपल्यांतले जीव.

मला विचाराल तर खरा गेम या बारक्यांचाच आहे. आजच्या कॅराची बीजं आणि कित्येक ऑस्ट्रॅकॉडांची अंडी कोरडी पडूनही तग धरतात. वारा, पाणी, पक्ष्यांचे पाय यांच्याबरोबर दुसऱ्या तळ्यात पोचतात. तेव्हाही असंच झालं असणार, नाहीतर लाव्हाने वारंवार पुसलेल्या प्रदेशात नवी तळी पुन्हा भरलीच नसती. म्हणजे लाव्हा आला की खेळाडू मरू दे. त्याने आधी जमवलेली बीजं पुढच्या तळ्यात कुठवर पोचतात, त्यावर गुण द्यायचे.

शेवटची लेव्हल मुंबईत, वरळीच्या टेकडीत. तिथल्या गाळखडकातला बेडूक रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये नोंदवला. आज त्याला इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणतात. पुसिलस म्हणजे चिमुकला. ते थर बहुधा डायनासोर संपल्यानंतरचे आहेत.