पातळी दाखवणे म्हणजे गळती पकडणे नव्हे

टाकीत ऑटोमेशन बसले की गळतीची चिंता मिटली, असे मत पेट्रोल पंपांवर सर्रास ऐकू येते. सुरतेतल्या भेस्तानसारख्या वस्तीत, जिथे पंप, घरे आणि बोअर एकमेकांना लागून आहेत, तिथे ते तपासून घेतलेच पाहिजे.

आधी प्रतिपक्षाची बाजू. टाकीत बुडवून पातळी मोजायच्या डिप रॉडवरची ओली खूण माणूस डोळ्यांनी वाचतो. २० किलोलिटरची, सुमारे २ मीटर व्यासाची आडवी टाकी अर्धी भरलेली असताना १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १३ लिटर. नजर दोन मिलिमीटर चुकली तरी पंचवीस लिटर हिशेबाबाहेर जातात. उलट ऑटोमेशनमधला चुंबकीय फ्लोटचा प्रोब मिलिमीटरचा अंश टिपतो, इंधनाचे तापमान घेतो आणि अहोरात्र जागा असतो. हे सारे मला मान्य आहे. या यंत्राचा मी चाहता आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेला निष्कर्ष मला खटकतो.

प्रोब पातळी मोजतो. गळती ही त्या पातळीवरून, ठरावीक परिस्थितीत, काढायचे अनुमान आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ साली केलेल्या भूमिगत टाक्यांच्या नियमांत अशा ऑटोमॅटिक गेजकडून अपेक्षा आहे ती ताशी ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर गळती ओळखण्याची. आणि तीही चाचणी घेऊन. पाऊण लिटरने सहा तासांत साडेचार लिटर जातात. आपल्या अर्ध्या टाकीत ही घट मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतकी. त्याच टाकीतले १०,००० लिटर पेट्रोल १ अंशाने तापले तर सुमारे १० लिटरने फुगते. गळतीच्या दुप्पट हालचाल नुसत्या उष्णतेची! तापमानाची वजावट यंत्र करते, पण त्यासाठी टाकी स्तब्ध लागते: नोझल बंद, टँकर रिकामा होऊन काही तास उलटलेले. हमरस्त्यावरचा पंप पहाटे दोनलाही ट्रक भरतो. त्याची टाकी शांत असते केव्हा? चालू विक्रीतल्या लहानसहान विरामांतून संख्याशास्त्राने गळती हुडकणारी प्रणाली आहे खरी. पण ती वेगळी सोय आहे. ती घेतली आहे का? स्क्रीनवरच्या लिटरच्या आकड्यावरून ते कळत नाही.

दुसरे, प्रोब टाकीत उभा असतो. टाकीपासून मशिनपर्यंतचा पाइप त्याच्या कक्षेबाहेर राहतो. सबमर्सिबल पंप इंधन दाबाने ढकलत असेल, तर फुटक्या पाइपातून विक्री चालू असतानाच तेल मातीत जाते. टाकीची पातळी उतरते, पण ती विक्रीनेही उतरतेच. रात्री सारे बंद करून चाचणी घ्या, टाकी उत्तीर्ण होईल. त्याच अमेरिकी नियमांनी दाबाच्या पाइपला स्वतंत्र लाइन लीक डिटेक्टर सक्तीचा केला. एकटा गेज पुरेसा असता, तर हा दुसरा खर्च कुणी कशाला लादला असता?

तिसरा मुद्दा सुरतेच्या जमिनीचा. ही भूमी सखल, तापीच्या गाळाची. पावसाळ्यात भूजल टाकीच्या बुडापेक्षा वर चढले, की छिद्रातून इंधन बाहेर पडण्याऐवजी पाणी आत शिरू शकते. समर्थक म्हणतील, पाण्यासाठी तळाशी वेगळा फ्लोट आहे. डिझेलच्या टाकीत तो भरवशाचा आहे. पण पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. मर्यादा ओलांडली, तरच पाणी आणि इथेनॉलचा थर तळाला बसतो. तोवर साध्या पाण्यासाठी बनवलेला फ्लोट हलत नाही. म्हणजे छिद्राची साक्ष देणारे पाणीच पेट्रोलमध्ये विरून गेलेले असते. पुढे उन्हाळ्यात भूजल उतरते आणि त्याच छिद्रातून प्रवाह उलटा वाहू लागतो, शेजारच्या बोअरच्या दिशेने.

आता निवाडा वाचकांनी करावा. मात्र पंपचालकाला "ऑटोमेशन आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. गेल्या ३० दिवसांतल्या स्थिर चाचणीची छापील नोंद मागावी, पाइपच्या चाचणीची तारीख मागावी, नोझलच्या मीटरशी टाकीच्या घटीचा रोजचा ताळा पाहावा. आणि त्या चाचणीच्या वेळी टाकी किती भरलेली होती, हेही वाचावे. कारण अर्ध्या टाकीवर घेतलेली चाचणी वरच्या अर्ध्या पत्र्याबद्दल काहीच सांगत नाही.