फुलावरचा पारधी

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या माळांवर तरवड फुलतो, तेव्हां त्याच्या पिवळ्या पाकळ्यांवर उतरलेली एखादी माशी पुन्हा उडत नाहीं. नीट न्याहाळून पाहिलें तर पाकळीच्याच रंगाचा एक कोळी तिला धरून बसलेला दिसतो. पुढचे पायांचे दोन जोड लांब, बसण्याची ढब खेकड्याची आणि चालहि आडवी. म्हणून त्यास खेकड्या कोळी म्हणतात. शिकारीसाठीं तो जाळें विणीत नाहीं. फूल हेंच त्याचें जाळें.

या कुळाचा लेखी इतिहास दूर स्वीडनमध्यें सुरू होतो. १७५७ सालीं क्लार्क यानें त्या देशांतील कोळ्यांवर ग्रंथ लिहिला व त्यांत या कुळांतील एका जातीचें वर्णन केलें. प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांची गणना लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून होते. परंतु क्लार्कनें दिलेलीं नांवें आधींचीं असूनहि अपवाद म्हणून ग्राह्य धरिलीं गेलीं. पुढें १८०५ सालीं फ्रेंच विद्वान् वाल्केनेर यानें 'थोमिसस' ही प्रजाति स्थापिली. हिंदुस्थानांतील कोळ्यांवर स्टोलिझ्का या भूस्तरशास्त्रज्ञानें १८६९ सालीं निबंध लिहून याच प्रजातींतील एका जातीस 'प्युजिलिस', म्हणजे मुष्टियोद्धा, असें नांव दिलें.

त्या काळीं बीड निझामाच्या राज्यांत होतें. १९४८ सालीं निझामाची सत्ता संपली. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. पुढें १९६३ सालीं टिकादर यांनीं महाराष्ट्र व म्हैसूर येथील कोळ्यांचा अभ्यास पुणें विद्यापीठाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि १९८० सालीं भारतीय प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेंत या कुळास स्वतंत्र विवेचन लाभलें.

रंगाचें कोडें मात्र नामकरणानें सुटलें नाहीं. या कुळांतील कांहीं जाती थोड्या दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्या होतात, तेव्हां हा सारा लपण्याचाच खटाटोप, असें पुष्कळ काळ मानलें गेलें. पण २००३ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका थोमिसस जातीवर झालेल्या प्रयोगांनीं निराळेंच दाखविलें. माणसाच्या डोळ्यास फुलांत मिसळून गेलेला तो पांढरा कोळी अतिनील किरण परावर्तित करितो. मधमाशीस ते किरण दिसतात, आणि ती त्याच्याच फुलाकडे अधिक ओढली जाते. जें लपणें वाटलें, तें आमिष होतें.

शेतकऱ्याच्या हिशेबीं हा प्राणी सरळ मित्र नव्हे. किडीबरोबर तो परागीकरण करणारी मधमाशीहि मारतो. परंतु कपाशीवर सरसकट विष फवारलें, तर कीड, मधमाशी आणि हा पारधी असे तिघेहि मरतात. कीड लवकर पुन्हा वाढते. तिला खाणारे सावकाश परततात. ग्रंथांत स्थान मिळावयास या कुळास पुष्कळ वर्षें लागलीं; बांधावरून नाहींसें व्हावयास एक हंगामहि पुरेल. फवारणीपूर्वीं फुलांत एकदां डोकावून पाहणें, हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय होय.