हिसका आणि टिकाव

मोटारींच्या इतिहासांत इंजिनाचें कौतुक फार झालें. त्या इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत पोंचविणाऱ्या गिअरपेटीकडे मात्र लेखकांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. चारशें अश्वशक्तीचें इंजिन घडविणें अवघड खरें. परंतु तें सारें ओझें मनुष्याचा हात न लागतां एका गिअरवरून दुसऱ्यावर उतरवून देणारी, आणि तरीहि वर्षानुवर्षें टिकणारी पेटी घडविणें त्याहून सोपें नाहीं. अमेरिकन कारखानदारांस हें पुरतें साधण्यास १९३९ पासून १९६४ पर्यंत पंचवीस वर्षें लागलीं. ही सारी हकीकत आमच्या मतें एकाच भांडणाची आहे: गाडींत बसणारास हिसका नको असतो, आणि यंत्राचें आयुष्य मात्र थोड्याशा हिसक्यावरच अवलंबून असतें.

असें कां, तें पाहूं. पेटीच्या पोटांत मध्यें एक दंतचक्र, त्याच्याभोंवतीं ग्रहांप्रमाणें फिरणारीं लहान चक्रें, आणि सर्वांच्या बाहेर आंतून दांत असलेलें कडें, अशी रचना असते. यांपैकीं कोणतें चक्र अडवावें व कोणतीं दोन एकमेकांस जोडावींत, यावर गति ठरते. अडविण्याचें काम पट्टे करतात, जोडण्याचें काम क्लचच्या चकत्या करतात. फोर्डच्या १९०८ च्या ‘टी’ मोटारींतहि अशीच योजना होती. मात्र तेथें पट्टे आवळण्यास चालकाचा पाय लागे. स्वयंचलित पेटींत तें काम तेलाच्या दाबावर सोंपविलेलें असतें. चकती झटकन् आवळली तर गाडींतील मंडळींस धक्का बसतो. सावकाश आवळली तर धक्का बसत नाहीं. पण तेवढा वेळ ती घसरत राहते, आणि घसरण म्हणजे उष्णता. इंजिन जितकें बलवान, तितकी ही उष्णता भयंकर. अस्तर जळतें, तेल करपतें आणि पेटी निकामी होते.

या कथेंतील दुसरें पात्र समुद्रावरून आलें. हेर्मान फॉटिंगर हा जर्मन इंजिनिअर स्टेटिन येथील गोदींत काम करीत असे. जहाजाचें टर्बाइन फार वेगानें फिरतें, पंखा तर सावकाश फिरावयास पाहिजे. या अडचणीवर त्यानें तेल अगर पाणी यांच्याच द्वारें शक्ति पोंचविण्याची युक्ति काढली व १९०५ मध्यें तिचें पेटंट घेतलें. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो, तसेंच हें. नुसतीं दोन चक्रें असलीं तर जोर आहे तेवढाच पलीकडे जातो. मध्यें तेलाची दिशा वळविणारें तिसरें चक्र बसविलें कीं जोर वाढतो.

यांतील साधी, दोन चक्रांची योजना अर्ल थॉम्सन यानें उचलली. कॅडिलॅक मोटारींत १९२८ मध्यें आलेली, कर्कश आवाज न होतां गिअर बदलणारी सिंक्रोमेश पेटी ही याच गृहस्थाची कामगिरी. त्याच्या देखरेखीखालीं तयार झालेली ‘हायड्रामॅटिक’ पेटी १९३९ च्या शरदांत ओल्डस्मोबील गाड्यांत आली. जादा किंमत ५७ डॉलर. तिचे चारहि गिअर आपोआप पडत. वरच्या गिअरमध्यें इंजिनाचा कांहीं भागच जोर तेलामधून जाई व उरलेला सरळ पोलादांतून, ही त्यांतील खरी चतुराई. हिसका मात्र जाणवत असे. पुढें युद्धांत सुमारें १५ टनांच्या एम-५ रणगाड्यांत दोन कॅडिलॅक इंजिनें व त्यांच्या जोडीस दोन हायड्रामॅटिक पेट्या बसविण्यांत आल्या. यापेक्षां कठोर परीक्षा कोणत्या पेटीची झाली असेल?

शांतता होतांच गिऱ्हाइकाचें राज्य आलें. ब्यूक कंपनीनें १९४८ मध्यें ‘डायनाफ्लो’ काढली. तींत एकदां गाडी चालू झाली कीं गिअर बदलतच नसे; सारें काम तेलाचें. चाल रेशमासारखी, पण इंजिनाची बरीच शक्ति तेल तापविण्यांतच खर्ची पडे. १९५६ च्या नव्या हायड्रामॅटिकमध्यें चकत्या घसरविण्याऐवजीं तेलाचें एक लहान जोडचक्र भरून व रिकामें करून हिसका घालविण्यांत आला. युक्ति सुंदर, परंतु पेटी गुंतागुंतीची झाली. अमेरिकेंतील शर्यतबाज मंडळींनीं तर जुनी, हिसका देणारी पेटीच जवळ केली, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

क्राइस्लरची ‘टॉर्कफ्लाइट’ १९५६ मध्येंच आली. तिच्या पुढच्या अवतारानें १९६६ च्या ४२५ अश्वशक्तीच्या ‘हेमी’ इंजिनाचा भार पेलला. भांडण खऱ्या अर्थानें मिटविलें तें मात्र १९६४ च्या ‘टर्बो हायड्रामॅटिक ४००’ या पेटीनें. तींत तीनच गिअर. एका दिशेनें अडविणारे व दुसऱ्या दिशेनें आपण होऊन सोडणारे क्लच तींत असल्यामुळें एक पकड सुटण्याची व दुसरी बसण्याची वेळ जुळविण्याची पंचाईत पुष्कळ कमी झाली. शिवाय इंजिनावर किती ताण आहे हें इंजिनांतील निर्वाताच्या कमीजास्तपणावरून पेटीस कळे. ताण कमी तर दाब कमी व गिअर अलगद; पाय पूर्ण दाबला कीं दाब जास्त व पकड घट्ट. जुन्या हायड्रामॅटिकमध्येंहि दाब ताणाप्रमाणें बदलत असे. पण तो निरोप एका दांड्यानें जाई, आणि दांड्याची जुळणी जरा बिघडली कीं चकत्यांची राख होई.

रोल्स-रॉइस कंपनीनें १९५२ मध्यें हायड्रामॅटिक स्वीकारली होती. पुढें तिनें ही नवी पेटीहि घेतली. १९७६ मध्यें तर फेरारीनें आपल्या बारा सिलिंडरांच्या ‘४००’ मोटारीस हीच अमेरिकन पेटी बसविली. इटलींतील अभिमानी कारागिरांस तें कितपत रुचलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्या काळांतील बलवान गाड्या जतन करणारे आजचे कारागीर याच पेट्या उघडतात तेव्हां चकत्यांची संख्या वाढवितात, तेलाचा दाब चढवितात, तेल थंड करण्यासाठीं वेगळी जाळी बसवितात, आणि गिअर बदलण्यास लागणारा वेळ कमी करतात. पेटी टिकते. दुसरा गिअर पडला हें मात्र मागच्या बैठकीवरील मंडळींस सांगावें लागत नाहीं.