महायुद्ध, अर्ज आणि वाङ्मयेतिहास

पहिल्या महायुद्धाचा वैचारिक वारसा म्हटला की आपल्या समीक्षेसमोर १९२२ साल उभे राहते : 'द वेस्ट लँड', 'युलिसीस', भ्रमनिरास आणि मूल्यविघटन. पॉल फसेल यांनी १९७५ मध्ये उपरोध हाच युद्धोत्तर जाणिवेचा प्रधान आकृतिबंध ठरविला. खंदकांतून आलेल्या ब्रिटिश लेखनापुरती ही मांडणी मार्मिक आहे. मात्र तिलाच युद्धानुभवाचे एकमेव परिमाण मानले, तर मराठी समाजाच्या वाट्याला आलेला एक वेगळा वारसा दृष्टिआड होतो.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची परंपरा जुनी होती. कोरेगावचा स्तंभ तिची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जातीं'च्या सिद्धान्ताने ही भरती बंद झाली. तिच्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. जे विनवणीने मिळाले नाही ते युद्धाच्या निकडीने दिले : १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. निकड सरताच, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली.

हाही भ्रमनिरासच, पण त्याची जात वेगळी आहे. युरोपीय कवीला शौर्य, सेवा, सन्मान हे शब्द पोकळ वाटू लागले, कारण ते त्याच्या समाजाने त्याला उदंड दिले होते. ज्यांना ते नाकारले गेले होते, त्यांना ते टाकून देणे परवडणारे नव्हते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावला गेले, तेव्हा सेवेची ती स्मृती राजनिष्ठेतून सुटून हक्काच्या भाषेत रुजू लागली होती. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

या अर्जांची भाषा आर्जवाची आहे, कारण त्यांचा वाचक सत्ताधारी आहे. म्हणून त्यांना केवळ राजनिष्ठ म्हणून बाजूला सारणे म्हणजे संहितेचा संकेत हाच तिचा आशय समजणे होय. आर्जवाच्या चौकटीत मागणी कशी मांडली जाते, हा शैलीचाही प्रश्न आहे. दलित गद्याचा पूर्वेतिहास लिहिताना अर्ज हा वाङ्मयप्रकार म्हणून वाचावा लागेल. तोवर महायुद्धाचा आपला वारसा आपण दुसऱ्यांच्याच कवितांत शोधत राहू.