सामान्य माणसाची रायफल : विम्बल्डन ते इशापूर

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढून एक रायफल झाडली. रायफल लोखंडी टेकूवर घट्ट बसवलेली होती, नेम आधीच धरून ठेवला होता. चारशे यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून गोळी दीडेक इंचावर लागली. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची ही पहिली स्पर्धा. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या नागरी नेमबाजीचा पद्धतशीर इतिहास सांगणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

मला मात्र राणीच्या गोळीपेक्षा तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातातल्या बंदुका महत्त्वाच्या वाटतात. राणीची रायफल व्हिटवर्थ होती. षट्कोनी नळीची, अचूकतेत त्या काळी अव्वल, पण किमतीला एनफिल्डच्या सुमारे चौपट. एवढी महाग म्हणून ब्रिटिश फौजेनेही ती सरसकट घेतली नाही. रांगेतल्या कारकुनांच्या, दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या हातात होती पॅटर्न १८५३ एनफिल्ड. होय, तीच. जिच्या काडतुसांवरून तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे आग लागली होती.

फ्रान्स चाल करून येईल या धास्तीने ब्रिटनच्या युद्धखात्याने मे १८५९ मध्ये स्वयंसेवक पलटणी उभारायला परवानगी दिली. सुरुवातीला अट अशी होती की शस्त्र ज्याने त्याने स्वतःचे आणायचे, मात्र नळीचा व्यास सरकारी असावा, म्हणजे काडतूस सगळ्यांना एकच चालेल. स्वस्तात नेमबाजी सुरू करू पाहणाऱ्याला आजही हा नियम लागू पडतो. बंदूक एकदाच घ्यायची असते, काडतूस रोज लागते. जे काडतूस सगळीकडे मिळते त्याचीच बंदूक परवडते. पुढे सरकारने स्वतःच एनफिल्ड द्यायला सुरुवात केली आणि खर्चाचा प्रश्न बराचसा मिटला. विम्बल्डनच्या राणीच्या बक्षिसाची पहिली फेरी याच साध्या लष्करी रायफलीने ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर होई. त्या फेरीतून निवडले गेलेल्यांनाच पुढच्या ८०० ते १००० यार्डांच्या फेरीत व्हिटवर्थ हाताळायला मिळे. नवशिक्याने मध्यम पल्ल्यावर स्वस्त रायफलीने शिकायचे, महाग रायफल नंतर, ही शहाणी पद्धत तेव्हापासूनची आहे.

आता त्याच वर्षांत हिंदुस्थानात काय चालले होते ते पाहू. एनफिल्डचे प्रशिक्षण देणारी तीन केंद्रे १८५७च्या सुरुवातीला इथे उघडली होती : डमडम, अंबाला आणि सियालकोट. काडतुसाच्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी त्याच काळात पसरली. २४ एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या ९० स्वारांना कवायतीसाठी काडतुसे देण्यात आली, ८५ जणांनी ती घ्यायला नकार दिला. त्यांत निम्म्याहून अधिक मुसलमान होते. गंमत अशी की त्या दिवशी पुढे केलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती, एनफिल्डची नव्हतीच. पण भरवसा उडाला की कोणते काडतूस कुठले, हे कोण बघतो? १० मे रोजी मीरत उठले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. निदान तसे आपल्याला वाटते.

जे सहसा पाठ नसते ते असे. उठाव मोडून काढल्यावर हिंदुस्थानी पलटणींसाठी एनफिल्डचा एक वेगळा नमुना तयार झाला, १८५८चा. बाहेरून ती तशीच दिसे : तोच दस्ता, तेच कुलूप, तशीच लांब नळी. मात्र नळीच्या आतले पेचदार आटे नव्हते. रायफलला ‘रायफल’ करणारी गोष्टच ती. हे आटे गोळीला गिरकी देतात आणि त्या गिरकीमुळे गोळी दूरवर सरळ जाते. नळी आतून कोरून ०.५७७ इंचांवरून जवळपास ०.६५६ इंच केली गेली, आतून गुळगुळीत. लांब पल्ल्याची मागची साइटही काढून तिथे साधी साइट बसवली. शिपायाच्या खांद्यावर एनफिल्ड दिसे, पण शंभरेक यार्डांपलीकडे तिने नेम धरण्यात अर्थ नव्हता. म्हणजे लंडनचा कापडदुकानदार ज्या वर्षी ६०० यार्डांवर नेम धरायला शिकत होता, त्याच वर्षी इथला पगारी शिपाई त्याच कारखान्याच्या बंदुकीने शंभर यार्डांत अडकवला गेला होता. सगळ्याच पलटणींना ही शिक्षा नव्हती. शीख आणि गुरखा पलटणींपैकी काहींना खऱ्या रायफली राहिल्या. भरवसा वाटून दिला जात होता आणि नळीत डोकावले की तो कोणाच्या वाट्याला किती आला ते कळे.

पुढे आटे परत आले, पण एक पिढी मागे राहण्याची रीत कायम झाली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानावर ६६व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे जुन्या स्नायडर. एकाच रांगेत, एकाच शत्रूसमोर. १८९७च्या तिराह मोहिमेत गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड पोहोचल्या, तेव्हा हिंदुस्थानी शिपायांना मार्टिनी मिळाल्या होत्या.

शिपायाचे हे हाल, तर सामान्य रयतेचे काय? लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा १८७८चा, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या कायद्याच्याच वर्षीचा. परवान्याशिवाय हत्यार नाही. युरोपियनांना सूट. मुंबई-पुण्यात स्वयंसेवक रायफल पलटणी होत्या, रेल्वेच्याही होत्या, रविवारी तिथे नेमबाजी चाले. तिथले दरवाजे युरोपियन आणि युरेशियनांसाठी उघडे होते. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. त्या अधिवेशनात शस्त्र कायदा सैल करावा आणि हिंदुस्थानी लोकांनाही स्वयंसेवक पलटणींत घ्यावे, असे ठराव झाले. तय्यबजींबद्दल आपल्या समाजात सर सय्यद यांच्याशी झालेल्या मतभेदापुरतेच बोलले जाते. हा ठराव कुणाच्या लक्षात राहत नाही. बंदूक हातात घेऊन राज्याच्या रक्षणाला उभे राहू द्या, अशी ती नागरिकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

एक नाव या दोन्ही कथांना जोडते. लॉर्ड रॉबर्ट्स. जन्म १८३२, कानपूर. १८५७-५८च्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला आणि पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झालेला हा गृहस्थ बोअर युद्धात ब्रिटिश शिपायांची नेमबाजी पाहून अस्वस्थ झाला. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संघटना उभी राहिली. कल्पना अगदी साधी होती. गिरणी कामगाराला ना मोठी रायफल परवडते, ना दूरच्या रेंजवर जायला सुटी मिळते. मग त्याला ०.२२ इंचाची छोटी रायफल द्या, २५ यार्डांचा बंदिस्त हॉल द्या आणि लक्ष्य त्या हिशेबाने लहान करा. २५ यार्डांवर छोट्या गोलावर धरलेला नेम आणि शेकडो यार्डांवर मोठ्या गोलावर धरलेला नेम डोळ्याला सारखेच दिसतात. रायफल क्लबची, काडतूस स्वस्त, हवेतले श्वासाचे धुके सोडले तर वाऱ्याची कटकट नाही. रॉबर्ट्सच्या साम्राज्यप्रेमाशी माझे काही देणेघेणे नाही, पण नवशिक्यासाठी इतका व्यवहारी तोडगा दुसऱ्या कुणी काढला असेल असे मला वाटत नाही. आपल्या गावांत मात्र त्याने तो काढला नाही.

इतर देशांनीही आपापल्या परीने हेच केले. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकाला दरवर्षी ३०० मीटरवर वीस गोळ्यांची सक्तीची परीक्षा द्यावी लागते, म्हणून गावोगाव ३०० मीटरची रेंज आहे. फौजेतून निवृत्त झालेली के-३१ रायफल तिथल्या हौशी माणसाची पहिली रायफल ठरते. अमेरिकेत १९०३ साली नागरी नेमबाजीसाठी सरकारी मंडळ निघाले आणि १९०५च्या कायद्याने जुन्या लष्करी रायफली क्लबांना विकायला परवानगी मिळाली. तिथला हौशी नेमबाज आजही फौजेची जुनी गॅरंड घेऊन २०० यार्डांच्या स्पर्धेत उतरतो. ब्रिटनमध्ये ली-एनफिल्डने हेच काम कित्येक दशके केले. परवडणारी मध्यम पल्ल्याची रायफल कुठलीही काढून बघा, ती बहुतेक वेळा फौजेची उतरलेली रायफल असते. कारण कारखाना सरकारने उभारलेला असतो, काडतूस सरकारने लाखोंनी बनवलेले असते, नागरिकाला उरलेसुरले मिळते.

आपल्याकडे नेमके हेच कलम उलटे लिहिले गेले. फौजेच्या काडतुसाची बंदूक नागरिकाला नाही. १९०७ मध्ये ०.४५० व्यासाच्या काडतुसांवर बंदी आली, कारण सरहद्दीवर बंडखोरांच्या हातात त्याच व्यासाच्या मार्टिनी पोहोचल्या होत्या. विलायती बंदूकवाल्यांनी लगेच ०.४७० वगैरे नवे व्यास काढून शिकारी साहेबांची सोय केली. ०.३०३चेही तसेच. ते फौजेचे काडतूस, म्हणून रयतेला बंद. त्यातून जन्मली ती आपली ०.३१५ रायफल. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनणारी ही बंदूक म्हणजे ली-एनफिल्डचाच सांगाडा, फक्त नळी ८ मिलिमीटरच्या जुन्या ऑस्ट्रियन काडतुसासाठी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याने ०.३०३ची काडतुसे प्रचंड संख्येने बनवली. त्यांच्या बुडावरची ‘के एफ’ ही अक्षरे परदेशातले हौशी लोक आजही ओळखतात. पण खडकीपासून चार मैलांवर राहणाऱ्या माणसाला ती कायद्याने कधीच मिळणार नव्हती. निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर हा फरक इंग्रज गेल्यावर १९५९च्या कायद्यातही राहिला. रायफल परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याचा आकडा लिहिलेला असतो. तेवढ्यात शेताची राखण होईल, ६०० यार्डांचा सराव होणार नाही.

संविधान सभेत हा प्रश्न आला होता. १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याची आठवण देत १९४८च्या डिसेंबरमध्ये ह. वि. कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन मारण्याची साधने विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती पडली. मला आंबेडकर बरोबर वाटतात. दंग्यांच्या आठवणी असलेल्या मोहल्ल्यात वाढलेल्या कोणालाही घरोघरी बंदूक ही कल्पना भावणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. घरातली बंदूक आणि रेंजवरची बंदूक यांत फरक करता येतो. कामगारांच्या क्लबांनी तो केला होता : रायफल कपाटात, किल्ली सचिवाकडे, सभासदाला तासभर वापरायला. आपण तो फरक गावपातळीवर कधी नीट केलाच नाही. याला एक अपवाद आहे, एनसीसी. कॉलेजात असताना ज्यांनी कॅम्पमध्ये पालथे पडून ०.२२ने पाच गोळ्या झाडल्या, त्यांना सरकारची उतरलेली रायफल म्हणजे काय ते ठाऊक आहे. आमच्यातल्या अनेकांनी आयुष्यात तेवढ्याच गोळ्या झाडल्या.

१९५१ मध्ये आपली नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर, मूळचे संगमेश्वरकडचे कुटुंब. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला भारतीय नेमबाज उतरले. पण मोठ्या बोअरची ३०० मीटरची नेमबाजी आपल्याकडे लष्कराच्या रेंजपलीकडे फारशी गेली नाही. १९७२नंतर ती ऑलिंपिकमधूनही गेली. नागरिकांच्या वाट्याला १० मीटरची एअर रायफल आणि ५० मीटरची ०.२२ आली. आणि त्यातच लोकांनी कमाल केली. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गगन नारंगबरोबर इम्रान हसन खानने सुवर्ण घेतले. २०२४ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरमध्ये कांस्य मिळवले. मुलाच्या गोळ्यांसाठी शिक्षक वडिलांनी कर्ज काढल्याचे तेव्हा सगळीकडे छापून आले. रायफलपेक्षा काडतूस महाग पडते, हा १८५९चा हिशेब कांबळवाडीतही तसाच निघाला.

हे सगळे वाचून आमच्या मुलांपैकी कुणी विचारेल की मग घ्यायची कोणती? आमच्याकडे मुलाच्या हातात एअर रायफलची पेटी दिसली तरी आईच्या पोटात गोळा येतो, शेजारी काय म्हणतील, ठाण्यात कोण काय लिहील. म्हणून आधी कायद्याचे. ४.५ मिलिमीटरची मर्यादित ताकदीची एअर रायफल परवान्याविना घेता येते. बिल आणि क्लबचे सभासदपत्र पेटीतच ठेवावे. पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नये, क्लबची रायफल वापरावी. मग भारतीय बनावटीची, पीप साइट बसवलेली एअर रायफल घ्यावी. राष्ट्रीय नियमांच्या गटात तिच्यावर स्पर्धा खेळता येतात. परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, तिची घाई नको. ०.२२कडे वळायचे झाल्यास परवाना आणि जिल्हा संघटनेमार्फतच जावे आणि एखाद्या ज्येष्ठ नेमबाजाची वापरलेली जर्मन अँशुट्झ मिळते का पाहावे. ती घेताना दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळवता येतो का बघावे, नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का बघावे आणि दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे टेकूवरून झाडून पाहावीत. एकाच नळीतून एका काडतुसाचा गट आठ आण्याच्या नाण्याएवढा येतो आणि दुसऱ्याचा बशीएवढा. ज्याचा गट छोटा, त्याच काडतुसांच्या पेट्यांसाठी पैसे बाजूला ठेवावेत.