नामावळीच्या वह्या

त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील सातपूर आज कारखान्यांमुळे ओळखले जात असले, आणि तेथील पुष्कळ कामकरी कुटुंबे परजिल्ह्यांतून आलेली असली, तरी त्यांच्या पूर्वजांची नावे जवळच गोदातीरी, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत, कदाचित आधीपासूनच नांदत असतील. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरात तालुके, बाजार आणि महसूल सापडतो. माणसे मात्र या वह्यांत भेटतात. श्राद्धास आलेला यजमान आपले कुळ, मूळ गाव, पिता, पितामह, बंधू व पुत्र यांची नावे नोंदवून खाली सही करी, आणि त्या मोडी अक्षरांखाली पुढली पिढी आपली ओळ जोडी. बखरींनी ज्या रयतेची दखल घेतली नाही, तिची वंशपरंपरा या पानांनी राखली; म्हणूनच मोडीचे जाणकार तयार करणे हे आपले निकडीचे कर्तव्य होय.