मुंबईहून गेलेला निबंध

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हे आपण सर्वांनीच अनुभवले असेल. ही उष्णता येते कुठून? दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एखाद्या प्राध्यापकाला विचारले असते, तर त्याने बहुधा सांगितले असते की, उष्णता हा वजन नसलेला एक अतिसूक्ष्म द्रव आहे. 'कॅलॉरिक' हे त्याचे नाव. हवा दाबली की ओला स्पंज पिळावा तसा तो बाहेर पडतो. आज याचे हसू येते, पण या कल्पनेवर बसवलेले पुष्कळ हिशेब बरोबर येत. म्हणूनच ती हटायला इतका वेळ लागला. तिला आव्हान देणारा एक निबंध आपल्या मुंबईत लिहिला गेला, हे मात्र मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नाही.

तो लिहिणारा जॉन जेम्स वॉटर्स्टन हा १८११ साली एडिंबरोत जन्मलेला सिव्हिल इंजिनिअर. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील कॅडेटना शिकवण्याची नोकरी पत्करून तो मुंबईस आला. नोकरी सांभाळून वायूंवर विचार करत राहिला आणि डिसेंबर १८४५ मध्ये आपला निबंध त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला.

त्याचे म्हणणे काय होते? वायूतले कण एकमेकांना चिकटून बसलेले नसतात. ते सुसाट धावत असतात, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. हे आदळणे म्हणजेच वायूचा दाब. कणांचा वेग दुप्पट झाला, तर भिंतीवरच्या टकरांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येक टक्करही दुप्पट जोराची होते. म्हणजे दाब चौपट. दाबाचा वेगाच्या वर्गाशी असलेला हा संबंध डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ सालीच मांडला होता, पण शंभर वर्षे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. वॉटर्स्टन पुढे गेला. वायूचे तापमान हे त्याच्या कणांच्या वेगाच्या वर्गावरच अवलंबून असते, असे त्याने सांगितले. एवढेच नव्हे, तर एकाच तापमानाला जड कण सावकाश आणि हलके कण वेगाने धावतात, आणि वजन व वेगाचा वर्ग यांचा गुणाकार दोघांचाही सारखाच भरतो. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून त्याचा वेग एकचतुर्थांश. आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू या हिशेबाने सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतात!

आता पंपाकडे पाहा. दट्ट्या खाली येत असताना त्यावर आदळणारा कण अधिक वेग घेऊन परततो, जसा पुढे येणाऱ्या बॅटवरून चेंडू परततो. कण वेगवान झाले, हवा तापली. पिळून काढायला कॅलॉरिक लागतच नाही. बर्फ वितळणे, पाणी उकळणे हेही याच भाषेत सांगता येते. बर्फात कण जागच्या जागी थरथरतात, पाण्यात एकमेकांना धरून सरकतात आणि वाफ होताना ती पकड सोडवून मोकळे सुटतात. पाणी उकळत असताना विस्तव कितीही वाढवला तरी तापमान चढत नाही, ते याचमुळे. सगळी उष्णता पकड सोडवण्यात खर्ची पडते.

लंडनला निबंध दोन परीक्षकांकडे गेला. त्यातल्या एकाने तो निव्वळ अर्थहीन आहे, सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा मारला. १८४६ मध्ये फक्त छोटासा सारांश छापला गेला. नियमानुसार हस्तलिखित संस्थेच्या दप्तरी जमा झाले आणि वॉटर्स्टनने स्वतःजवळ नक्कलच ठेवली नव्हती! पुढे १८५७ मध्ये क्लॉसियसने आणि १८६० मध्ये ब्रिटनमध्ये मॅक्सवेलने हाच विषय नव्याने मांडला. त्यांचे श्रेय मी कमी करत नाही. सगळे कण एकाच वेगाने धावत नाहीत, त्या वेगांची वाटणी कशी असते, हे मॅक्सवेलचेच. वॉटर्स्टनच्या निबंधात चुकाही होत्या. पण पाया त्याने आधी घातला होता आणि तो दप्तरात पडून होता.

१८५७ मध्ये तो स्कॉटलंडला परतला. १८ जून १८८३ रोजी एडिंबरोत घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही.

पुढे लॉर्ड रॅले रॉयल सोसायटीचे चिटणीस असताना वॉटर्स्टनचा ध्वनीवरचा १८५८ सालचा एक लेख त्यांच्या पाहण्यात आला. त्यात जुन्या निबंधाचा उल्लेख होता. रॅले यांनी १८९१ मध्ये दप्तरातून हस्तलिखित शोधून काढले आणि पुढच्या वर्षी स्वतःची प्रस्तावना जोडून छापले. हे त्यांचे मोठेपण. मात्र त्याच प्रस्तावनेत त्यांनी असाही सल्ला दिला की, अपरिचित लेखकाने असले धाडसी विचार अशा संस्थेकडे पाठवू नयेत, आधी लहानसहान कामांतून नाव कमवावे. मला हा सल्ला पटत नाही. पत्राचे उत्तर यायलाच काही महिने लागत, त्या काळात मुंबईत बसलेल्या शिक्षकाने आणखी कोणाचे दार ठोठवायचे होते? परीक्षकांना निबंध नीट वाचता आला असता, तर लेखकाचे नाव लागलेच कशाला असते?

१८९२ मध्ये निबंध छापून आला तेव्हा मॅक्सवेलला जाऊन तेरा वर्षे झाली होती, क्लॉसियसला चार आणि वॉटर्स्टन बेपत्ता झाल्याला नऊ.